तिसरी अ‍ॅन

"म्हणजे तोवर त्यांचे दिवस पालटले होते, नाही का?" शेजारच्या आजींनी विचारलं आणि मी मान हलवून "हो, असेल" म्हटलं. घडलं ते एवढंच. पण ते खरं नव्हतं, आणि खरं नाही हे मला म्हणतानाच ठाऊक होतं. घरी येऊन कुकर लावताना, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, दुसऱ्या दिवशी बसची वाट बघत उभी असताना ते 'हो, असेल' सारखं मनात येत राहिलं. दोनशे तीस वर्षांपूर्वी नॉरफकच्या एका खेड्यात राबणाऱ्या शेतमजुराच्या घरी बरे दिवस आले होते की नव्हते, याची आज कुणाला काय पडली आहे, असं स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही. आजींना पडली होती ना.

आम्ही नॉर्विचजवळच्या या गावात राहायला आलो त्याला नऊ वर्षं झाली. आजी पलीकडच्या घरात एकट्या असतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारते, त्यांना तेच आवडतं. पण मराठीत लिहायला बसले की हात वळत नाही, म्हणून इथे त्या 'आजी'. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. आता डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेचं तेवढं दिसतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या घराण्याचा शोध घ्यायला सुरुवात केली होती आणि पणजोबांपर्यंत त्या एकट्याच पोचल्या होत्या. १९११ची जनगणना, १८८१ची, १८५१ची, असं एकेक पायरी उतरत. पुढे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, नोंदवह्या लागल्या. शाईने लिहिलेलं ते किरटं अक्षर काही त्यांच्या डोळ्यांना झेपेना. मी पुण्यात असताना मोडीचा वर्ग केला होता हे कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं. एका रविवारी त्या दारात उभ्या. "तुला जुनं अक्षर वाचता येतं ना? मग माझं वाच."

मोडीचा इथे थेट उपयोग नाही, पण सवयीचा होतो. एक ओळ लागेपर्यंत पुढे जायचं नाही, एकच लिहिणारा 'क' कसा काढतो हे चार ठिकाणी बघून ठरवायचं, अंदाजाने शब्द जुळवायचा नाही, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच. इथला जुना 'एस' दिसतो 'एफ'सारखा. १७३३च्या आधीच्या पुष्कळ नोंदी लॅटिनमध्ये. १७५२ पर्यंत वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला, त्यामुळे जानेवारीत झालेलं दफन आदल्याच वर्षात पडलेलं दिसतं आणि माणूस लग्नाआधीच मेला की काय असं वाटायला लागतं. या वह्या ठेवायचा हुकूम १५३८चा, आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढलेला: दर रविवारी पाद्र्याने आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत उतरवायची आणि वही पेटीत कुलूपबंद ठेवायची. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, ज्यांनी जन्मात स्वतःचं नाव लिहिलं नाही, अशांची नावं केवळ त्या हुकुमामुळे आज मला आजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचता येतात.

बहुतेक वह्यांची छायाचित्रं संगणकावर बघायला मिळतात. काळी-करडी चित्रं, कडा कुरतडलेल्या, मध्येच ओल गेल्याचा ढगासारखा डाग. मी वाचायचे, आजी जाड काळ्या मार्करने मोठमोठ्या अक्षरांत आपल्या तक्त्यावर लिहायच्या. तक्ता म्हणजे उरलेल्या वॉलपेपरची पाठकोरी गुंडाळी. त्या दिवशी आम्ही त्यांच्या पणजोबांच्या आजीला शोधत होतो. नाव अ‍ॅन. १८५१च्या जनगणनेत तिचं वय ५६ आणि जन्मगाव हेच, त्यामुळे १७९५च्या आसपास बघायचं. त्याआधीच्या, १८४१च्या जनगणनेत मोठ्या माणसांचं वय बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, तिथे ती ४५ची दिसते. सगळं जुळत होतं.

पण अ‍ॅन एक नव्हती, तीन होत्या.

तेच आईबाप, तोच पॅरिश. इथला त्या काळातला पाद्री चांगला. बापाच्या नावामागे आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनावही लिहायचा, म्हणून शंकेला जागा राहिली नाही. पहिल्या अ‍ॅनचा बाप्तिस्मा मे १७८६. दफनांच्या पानावर १७८७च्या मार्चमध्ये 'अ‍ॅन, अमक्याची मुलगी, तान्ही'. दुसऱ्या अ‍ॅनचा बाप्तिस्मा १७८९, दफन १७९१. तिसरी १७९५. तिचं दफन मी पुढची वीस वर्षं शोधलं, नाही सापडलं. सापडलं ते १८१६चं लग्न. म्हणजे हीच आपली. मी हे वाचत होते तेव्हा आजी मार्कर हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "चित्र मोठं कर. मला बघायचंय." मी ते पान पडदाभर केलं. कडेने बघायची त्यांची एक लकब आहे, मान तिरपी करून, पाखरू दाणा बघतं तशी. पहिल्या दोघींच्या नावांपुढे समासात एकेक अक्षर होतं. बाप्तिस्म्याला आणि दफनालाही. 'पी'. "हे काय?" मी सांगितलं, 'पॉपर'चा 'पी'. पॅरिशच्या मदतीवर जगणारे, निर्धन. त्यांनी तिसऱ्या अ‍ॅनची नोंद मोठी करायला लावली. तिथे 'पी' नव्हता. आजींचा चेहरा एकदम सैलावला आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. मी हो म्हटलं. त्यांनी तिसऱ्या अ‍ॅनच्या चौकटीखाली मार्करने लिहिलं, 'बरे दिवस'.

खरी गोष्ट अशी. ऑक्टोबर १७८३ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदीवर तीन पेन्स कर बसवला होता. अमेरिकेतलं युद्ध अंगाशी आलेलं, सरकारी खजिन्याला पैसा हवा होता. शेतमजुराची दिवसाची मजुरी तेव्हा शिलिंगाच्या, म्हणजे बारा पेन्सांच्या, थोडी पुढेमागे. मूल जन्मलं की तीन पेन्स, मेलं की पुन्हा तीन पेन्स. ज्यांना पॅरिशची मदत मिळत होती त्यांना कर माफ, आणि माफ का केला हे कळावं म्हणून पाद्री समासात 'पी' लिहायचा. १७९४मध्ये हा कर उठला. त्याबरोबर 'पी'ही गेला. १७९५मध्ये जन्मलेल्या अ‍ॅनच्या नावापुढे ते अक्षर नाही याचा अर्थ तिचे आईबाप सावरले होते असा नाही. लिहायचं कारणच उरलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर आलेला आनंद पुसायचा धीर मला झाला नाही.

पुढच्या आठवड्यात मी सुट्टी काढून एकटीच नॉर्विचला रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात, गेले. मनात एकच होतं, की माझं 'हो, असेल' खरं ठरावं. खरंच बापाला कुठे बरं काम लागलं असेल, कुणाची तरी दया आली असेल. कागदात तसं काही मिळालं तर मी खोटं बोलले असं होणार नाही. गरिबांच्या मदतीचा हिशेब प्रत्येक पॅरिशमध्ये 'ओव्हरसीअर' ठेवायचे, कुणाला किती पैसे, कुणाला जोडे, कुणाला सरपण. तो हिशेब या गावाचा शिल्लक आहे हे मला कळलं होतं. असे कागद टिकले यातही नशीब आहे. १ ऑगस्ट १९९४ला नॉर्विचचं मध्यवर्ती ग्रंथालय जळालं तेव्हा रेकॉर्ड ऑफिस त्याच इमारतीच्या तळघरात होतं. वर आग, आणि आग विझवायला मारलेलं पाणी खाली. तरीही कागद वाचले. आता त्यांच्यासाठी वेगळी इमारत आहे. आत जाताना पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल. वही स्पंजच्या उतरत्या उशांवर उघडून ठेवतात आणि पान मिटू नये म्हणून कापडात शिवलेल्या शिशाच्या माळा त्यावर ठेवतात. हात स्वच्छ धुवून, कोरडे करून पान उलटायचं. पानं जाड, हाताला खरखरीत, आणि वास आमच्या आजोळच्या माळ्यावरच्या ट्रंकेचा. जुन्या कागदाचा, थोडा आंबूस, थोडा धुळीचा.

१७९५ साल काढलं. त्या जानेवारीबद्दल मी आधी वाचलं होतं. इंग्लंडच्या मध्यभागातल्या तापमानाच्या नोंदी १६५९ पासून आहेत, आणि एवढ्या वर्षांत त्याहून थंड महिना दुसरा नाही. महिन्याची सरासरीच शून्याच्या तीन अंश खाली. त्या वर्षी गव्हाचे भाव भडकले, पावासाठी ठिकठिकाणी दंगे झाले. हिशेबाच्या वहीत तो महिना ओळखायला तारीखसुद्धा बघावी लागली नसती. एरवी पानाला आठ-दहा नावं, तिथे नोंदी खालच्या समासापर्यंत दाटीवाटीने गेलेल्या. पीठ, सरपण, पीठ, पीठ, एक शवपेटी, सरपण. आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिसऱ्या अ‍ॅनच्या बापाचं नाव, पुढे कारण: 'बायको बाळंतीण'. दीड शिलिंग. त्याच्या खालच्या आठवड्यात पुन्हा. मार्चपर्यंत दर आठवड्याला. एका ठिकाणी 'मुलीसाठी अंगडं'. हे अंगडं तिच्यासाठी की तिच्या एखाद्या बहिणीसाठी, ते लिहिलेलं नाही. मी त्या शब्दाशी बराच वेळ थांबले. पेन्सिलीने तो जसाच्या तसा उतरवून घेतला, लिहिणाऱ्याने जोडलेल्या अक्षरांसकट.

दिवस पालटले नव्हते. उलट याहून वाईट दिवस त्या घराने बहुधा बघितले नव्हते.

बसमध्ये परत येताना बाहेर सपाट शेतं, मध्येच गारगोट्यांनी बांधलेला एखाद्या चर्चचा गोल मनोरा, असं मागे पडत होतं आणि माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. खरं सांगायचं तर मला त्या आईचा रागच आला होता, पहिल्यापासून. एक मुलगी गेली, तिचं नाव दुसरीला. दुसरी गेली, तेच नाव तिसरीला. एवढी का नावं संपली होती? आपल्याकडे असं कुणी करणार नाही. मेलेल्या लेकराचं नाव पाठच्या लेकराला ठेवायचं नुसतं मनात आणलं तरी कुणीतरी म्हातारी तोंडावर हात ठेवेल. आपल्याकडे उलटं. माझे पणजोबा दगडू. त्यांच्या आधीचे दोन गेले म्हणून तिसऱ्याला दगडू म्हटलं, म्हणजे यमाला वाटावं हा तर दगड, न्यावं असं यात काही नाही. धोंडू, केरू, भिकू, उकर्डा, ही सगळी त्याच भीतीची नावं. पोराचं नाक टोचून नथू म्हणायचं, म्हणजे मुलगी आहे असं वाटून मरणाने पुढे जावं. लहानपणी ही नावं ऐकून मी हसायचे. बाबांनी एकदाच समजावलं, "अगं, त्या नावामागे दोन-तीन पाळणे रिकामे झालेले असतात." त्यानंतर कधी हसले नाही.

मग तिसऱ्या अ‍ॅनची नोंद आठवली आणि मी तिच्यातला एक शब्द नीट वाचलाच नव्हता हे लक्षात आलं. घरी येऊन कोट न काढताच संगणक उघडला. '२२ जानेवारी १७९५, जन्म आणि खासगी बाप्तिस्मा. १२ एप्रिल, चर्चमध्ये स्वीकार.' खासगी बाप्तिस्मा म्हणजे घरी. जीव टिकतो की नाही अशी शंका असेल तर पाद्र्याला घरी बोलावून लगेच उरकायचा. बाप्तिस्मा न होता मूल गेलं तर चर्चच्या प्रार्थनेशिवाय ते पुरलं जायचं. म्हणजे त्या हाडं गोठवणाऱ्या गुरुवारी, बाळ जन्मल्या दिवशीच, कुणीतरी बर्फातून पाद्र्याकडे धावलं होतं. पाद्री त्या एका खोलीच्या घरात आला, वाडग्यातलं पाणी घेतलं आणि विचारलं, नाव काय? तेव्हा त्या बाईने, दोन मुली चर्चच्या आवारात पुरलेल्या बाईने, तेच नाव पुन्हा सांगितलं. आम्ही मरणाला फसवायला नाव बदललं. तिने बदललं नाही. हट्ट होता का तो? का सासूचं नाव होतं म्हणून चालवायचं होतं? का ती हाक तिच्या तोंडात इतकी बसली होती की दुसरी येईना? वहीत यातलं काहीच नाही. पण माझा राग तिथे गेला. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या पुढच्या रविवारी, ऊन पडल्यावर तिने ती अकरा आठवड्यांची पोर चर्चमध्ये नेली. तोवर ती जगली होती.

रविवारी मी आजींकडे गेले आणि चहा ओतायच्या आधीच सगळं सांगितलं. कराचं, 'पी'चं, मला तेव्हाच ठाऊक होतं याचंही. त्या काही बोलल्या नाहीत. उठून वॉलपेपरची गुंडाळी आणली, टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर साखरेचं भांडं आणि मीठदाणी ठेवली. "'बरे दिवस' कुठे आहे, बोट ठेव." मी ठेवलं. मार्करचं लिहिलेलं पुसता येत नाही. त्यांनी त्यावर एक आडवी रेघ मारली, हात थरथरत होता म्हणून ती वर-खाली झाली. मग म्हणाल्या, "अंगड्याचं लिही. तू लिही, माझं अक्षर मोठं होतं." मी तिथे लिहिलं, 'मुलीसाठी अंगडं, १७९५'. "आणि थंडीचं." तेही लिहिलं. मग त्यांनी १८१६च्या लग्नाची नोंद पुन्हा मोठी करून मागितली. १७५४ पासून लग्नाच्या वहीत नवरानवरीला सही करावी लागायची, येत नसेल तर खूण. अ‍ॅनची खूण फुलीची आहे. पहिली रेघ बारीक आणि वाकडी, दुसरीला पिसाच्या लेखणीवर एवढा जोर दिलाय की टोक फाकलंय आणि रेघेच्या शेवटी शाईचा टिपका पडलाय. आजी मान तिरपी करून तो टिपका बघत राहिल्या. "लेखणी पहिल्यांदाच धरली असेल," त्या म्हणाल्या. आयुष्यात बहुधा त्या एकाच दिवशी धरली असेल.

नंतर एक गोष्ट त्यांनी आपणहून काढली, ती मला फार लागली. १८३७ पासून इथे लग्नाच्या सरकारी दाखल्यावर नवरानवरीच्या बापाचं नाव आणि धंदा असायचा, आईचं नाव नसायचं. ते घालायला सुरुवात झाली मे २०२१मध्ये. आजींच्या स्वतःच्या दाखल्यावर त्यांच्या आईचं नाव नाही. "आणि बघ," त्या म्हणाल्या, "शेतमजुराच्या बायकोचं माहेरचं आडनावसुद्धा त्या पाद्र्याने १७८६मध्ये लिहून ठेवलं." मला नाशिकच्या वह्या आठवल्या. बाबांच्या आईचं कार्य करायला आम्ही रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून लांबट वही काढली आणि सहा पिढ्या घडाघडा वाचल्या. मी थरारून गेले होते. सगळी पुरुषांची नावं. तिथे जो आला त्याचं नाव लागतं, त्याने सांगितली तेवढी मागची-पुढची. आमच्यात दगडू होते. दगडूंच्या आधी गेलेल्या दोघांचं तिथे नाव असायचं कारणच नव्हतं. त्यांच्यासाठी कोण नाशिकला जाणार? आजींच्या घराण्यातली दहा महिन्यांची मुलगी वहीत आहे, तारखेसकट.

"तुझ्या पणजोबांच्या आधीची ती दोन मुलं," आजी म्हणाल्या. दगडूची गोष्ट मी त्यांना सांगून झाले होते. "त्यांची नावं काय होती?"

मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत असायचा प्रश्नच नव्हता, आणि आता बाबा नाहीत. आमच्याकडे इतकं जुनं सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय, साताऱ्याची थोरली आत्या. तिचं वय नव्वदीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, फोन तिच्या सुनेने कानाशी धरावा लागतो. त्या रात्री आपल्याकडे उजाडायची वाट बघत मी जागी राहिले आणि फोन लावला. दोनदा ओरडून विचारलं. आधी तिला वाटलं मी घरातलं कुणी गेल्याचं सांगतेय. मग कळलं. बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.

"थोरला विठ्ठल," ती म्हणाली. "दगडूआबांची आई मरेपर्यंत त्याचं नाव घ्यायची म्हणे. चार वर्षांचा होऊन गेला."

"आणि दुसरा?"

"दुसरा बाराव्याच्या आतच गेला गं. बारसंच झालं नव्हतं. त्याला नाव कुठलं असायला?"